पांढऱ्या शर्टातले मिस्त्री

गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाचा शर्ट पांढरा असावा आणि तो संध्याकाळीही पांढराच राहावा, हे मी उभ्या आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिलं. नागपुरात सदरच्या मागच्या गल्लीत, लाकडाच्या वखारीला लागून एक गॅरेज होतं. वर पत्रे, दारात कडुनिंब आणि कडुनिंबाखाली तिपाईवर बसलेले मिस्त्री. खाली खाकी हाफपँट, वर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात खडू. त्या शर्टावर ग्रीसचा एक ठिपका दाखवा आणि माझ्याकडून चहा घ्या, अशी पैज आमच्या ऑफिसातले ड्रायव्हर एकमेकांशी लावायचे. चहा कोणाला मिळाल्याचं आठवत नाही.

कारण सोपं होतं. मिस्त्री गाडीला हातच लावत नसत. गाडी फाटकातून आत आली की या-बसा काही नाही, पहिला प्रश्न, "कोनं तोडलं?" ज्यानं तोडलं असेल त्यानंच बोल्ट खोलायचे, त्यानंच नवा भाग बसवायचा. मिस्त्री तिपाईवरून सांगत राहणार. "जो तोडन तोच जोडन," हा त्यांचा कायदा. स्वतःच्या हातानं जोडलेली वस्तू माणूस पुन्हा तोडत नाही, असं त्यांचं म्हणणं. तोच बिघाड घेऊन दुसऱ्यांदा आलेलं गिऱ्हाईक मी तरी तिथे पाहिलं नाही. अर्थात एकदा येऊन गेल्यावर पुन्हा त्या गल्लीत न फिरकणारेही पुष्कळ होते.

"आपोआप तुटलं" म्हणणाऱ्याची तर खैर नव्हती. "आपोआप तुटलं तं आपोआप जुडन बी. घरी न्या, वाट पाहा." एवढं बोलून मिस्त्री खरोखर उठून फाटक उघडून द्यायचे.

सदरमधल्या एका बड्या डॉक्टरांना त्यांनी गिअरच्या दांड्यापायी दोन तास गाडीखाली पोत्यावर झोपवलं होतं. डॉक्टर घामाघूम होऊन बाहेर आले, आणि पुढे दर रविवारी गाडीत काही बिघाड नसताना नुसते येऊन बसू लागले. इतवारीच्या एका धान्याच्या शेटजींनी मात्र चलाखी केली. स्वतः न येता मुनीमाला पाठवलं. मुनीम हात जोडून म्हणाला, "तोडलं शेटजीनं, पन जोडा लागन मले." मिस्त्रींनी थोडा विचार केला आणि त्याला शिकवलं. मुनीमाला त्या कामाची अशी गोडी लागली की वर्षभरात त्यानं शेटजींची गादी सोडली आणि कळमन्याला स्वतःचा टेम्पो लावला. शेटजी नंतर कितीतरी दिवस चारचौघांत मिस्त्रींच्या नावानं बोटं मोडत होते.

गॅरेजात एक पत्र्याची ट्रंक होती, लग्नपत्रिकांनी ठासून भरलेली. दोन लोखंडी भागांमधून ऑईल गळू नये म्हणून मध्ये जाड कागदाचं पॅकिंग घालतात. ते मिस्त्री लग्नपत्रिकेतून कापायला लावत. तेही कोणत्याही पत्रिकेतून नाही. एक काढायची, वधूवरांची नावं वाचायची, डोळे मिटून आठवायचं. "याईचं बरं चालू आहे. कापा." नाहीतर, "ठेवा खाली. हे दोघं एकमेकासंगं बोलत नाहीत. गळन." नागपुरातल्या कितीतरी सुखी संसारांनी अशी परक्यांची ऑईलं अडवून धरली होती.

काम झालं की गिऱ्हाइकाला हात धुवायला संत्र्याच्या साली मिळत. भिंतीवर बुद्धाचा लहानसा फोटो होता, त्याच्यापुढे कधी उदबत्ती नसे. दसऱ्याला गॅरेज बंद, कारण दीक्षाभूमीवर जायला गावाकडून आलेल्या पाहुण्यांनी घर भरलेलं असायचं. बाकी वर्षभर ते तिपाईवर असत.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो आमच्या ऑफिसच्या ट्रकमुळे. मी तेव्हा जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या एका सरकारी खात्यात भूशास्त्रज्ञ म्हणून नुकती लागले होते. फील्डवर जाणारी ऑफिसातली पहिली बाई मीच, आणि आमच्या साहेबांना ते मनातून पटलेलं नव्हतं. "बघू या, किती दिवस निभतं ते," असं ते माझ्यासमोरच म्हणत. त्यामुळे मी जरा जास्तच शहाणपणा करायची. कोणाला काही विचारायचं नाही, सगळं आपल्याला येतं, असा माझा बाणा होता.

ट्रक परदेशातून आलेला, चारही चाकांनी ओढणारा. पण ती ओढ आपोआप मिळत नसे. चिखल आला की खाली उतरायचं, पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध बसवलेल्या हबची चकती हातानं उजवीकडे फिरवायची, मग ती चाकं इंजिनाशी जोडली जात. डांबरी रस्ता लागला की पुन्हा उतरून डावीकडे फिरवून सोडवायची. कोणतं जोडलेलं आणि कोणतं सुटं, हे चकतीवर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं. म्हणजे कधीकाळी होतं. आमचा ड्रायव्हर भाविक. खंडेनवमीला तो सगळ्या ट्रकची पूजा करी, आणि त्या दोन गोल चकत्या त्याला देवाच्या तोंडासारख्या दिसत असाव्यात, कारण तेलात कालवलेला शेंदूर सगळ्यात जास्त त्यांच्यावर थापला जाई. दोन वर्षांत अक्षरं गडप झाली आणि चकत्या फिरायला जड झाल्या.

यावरून मिस्त्रींचं आणि त्याचं एकदा चांगलंच वाजलं होतं.

"तुहा देव तुह्या घरी ठेव गा. चाकावर काहून बसवतं त्याले?"

"तुमी मानत नाही म्हून म्हनता, मिस्त्री. आमाले लावा लागते."

"लाव ना. बोनेटले लाव. मी फोटोपुढं उदबत्ती काहून लावत नाही? अठी पेट्रोल आहे म्हून. जागा पाहून भक्ती करा लागते."

ड्रायव्हरनं हो म्हटलं आणि पुढच्या खंडेनवमीला एक थर आणखी चढवला.

त्या साली पाऊस जाता जाता रेंगाळला होता. उमरेडच्या पुढच्या एका गावात बोअरची जागा मी ठरवली होती. एकटीनं ठरवलेली ती माझी पहिली जागा. खोदायचं मशीन गावात आधीच जाऊन बसलं होतं आणि सोमवारी ते दुसऱ्या तालुक्यात जाणार होतं. राहिले होते केसिंगचे लोखंडी पाइप. ते आत उतरवले नाहीत तर वरची काळी माती ढासळून खोदलेलं भोक बुजतं. मंगळवारी पाइप घेऊन आम्ही निघालो आणि गावाच्या अलीकडच्या पाणंदीत ट्रक रुतला.

ड्रायव्हर म्हणाला, "बाई, मी बैल घेऊन येतो. चकत्या आज लय जड झाल्या, माह्यानं फिरून नाही राहिल्या. तुमी कशाले हात लावू नका." आणि तो चालत गावाकडे गेला.

मी किती वेळ बसले असेन? फार तर वीस मिनिटं. मग मला वाटलं, एवढंसं तर काम आहे. माझ्या सामानात एक बारीक पक्कड होती. डाव्या चाकाची चकती तिनं धरली. अक्षरं दिसत नव्हती, म्हणून अंदाजानं फिरवली. फिरेना, तेव्हा सगळं अंग टाकून फिरवली. आत काहीतरी कडकन मोडलं आणि चकती गोल गोल फिरायला लागली.

ड्रायव्हर चार बैल घेऊन आला, त्यानं चकतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बैलांनी ट्रक मागे ओढून काढला. पाइप घेऊन आम्ही तसेच नागपूरला परतलो. वाटेत तो एवढंच बोलला, "गाडी सोडून गेलो मीच. म्हनजे माह्यानंच तुटली." दोन वर्षांपासून तो हंगामी होता आणि त्याला कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलेला होता. हे मला ठाऊक होतं. तरी मी गप्प बसले. माझं फील्ड हातचं जाईल, अशी मला भीती वाटत होती. त्या गप्प बसण्याची लाज मला आजही वाटते.

ट्रकसोबत एक जादा हब लाकडी खोक्यात आला होता, एकच. स्टोअरमधून तो सोडवून घ्यायला बुधवार गेला. गुरुवारी सकाळी आम्ही गॅरेजात पोचलो. सोबत ऑफिसचा छापील कागद होता, त्यात एक रकाना, बिघाड कोणाकडून झाला.

"कोनं तोडलं?"

"मी," ड्रायव्हर म्हणाला.

मिस्त्रींनी जमिनीवर खडूनं एक ते सहा आकडे लिहिले. ड्रायव्हरनं हबचे सहा बोल्ट काढले आणि एकेक त्याच्या आकड्यावर ठेवला. जो बोल्ट ज्या भोकातला, तो त्याच भोकात परत गेला पाहिजे, हा दुसरा कायदा. झाकण निघालं. मिस्त्रींनी ते हातात न घेता मान वाकडी करून आतून पाहिलं.

"चकती कोन्या अंगाले फिरवली की चाक जुळते?"

"उजव्या."

"ही डाव्या अंगाले जोर लावून तुटली. दोन सालापासून रोज फिरवून राहिला तू. तुले डावं-उजवं समजत नाही का?"

ड्रायव्हरनं एका आकड्यावरचा बोल्ट उचलून पुन्हा तिथेच ठेवला.

"ज्याले अक्षरं दिसली नाही अन् सवयही नव्हती, त्यानं फिरवली हे. बारीक पक्कडीनं. तिचे दात उमटले आहे वर." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बाई, पदर खोचा. पाना घ्या."

मी पदर खोचला. दुसरं करणार काय? पोत्यावर मांडी घातली आणि पाना घेतला. चाकाच्या दांड्याच्या टोकाला उघड्या तोंडाची स्टीलची एक कडी असते, सर्क्लिप म्हणतात तिला. ती चिमट्यानं फाकवून काढायची. माझ्या हातून ती सुटली आणि भिंतीवरून उडून वखारीत गेली. ड्रायव्हर शोधायला उठला तर मिस्त्रींनी त्याला खाली बसवलं. "उडवली कोनं?" मी अर्धा तास वखारीतला भुसा चाळला. वखारवाल्याला याची सवय होती. त्यानं न विचारता चाळणी दिली.

जुना हब निघाला. आतलं वाळलेलं ग्रीस मी रॉकेलनं धुतलं, आणि नव्या हबमध्ये मायेनं मूठभर ग्रीस कोंबायला लागले.

"पंगत नाही वाढून राहिले बाई तुमी. बोट फिरवा निसतं. जास्त भरलं तं चाक जुळवनारी आतली कडी सरकत नाही."

पॅकिंगसाठी ट्रंक उघडली. पहिल्या दोन पत्रिका नापास झाल्या. तिसरीतलं जोडपं भांडायचं, पण जेवायला एकत्र बसायचं, म्हणून ते चाललं. मी पत्रिका झाकणावर धरून कडेनं ठोकत कापली, भोकं पाडली, चिकट सोल्युशन लावलं. नवा हब आत सरकवला, सर्क्लिप बसवली, या वेळी श्वास रोखून. बोल्ट आवळताना पुन्हा आवाज आला, "एका अंगानं नाही. समोरासमोरचे आवळा. नाहीतं वाकडं बसते." सहाही बोल्ट आपापल्या भोकांत गेले.

"आता फिरवा. हातानं. आजपासून या चकतीले पक्कड लावाची नाही, शेंदूर लावाचा नाही. हातानं नाही फिरली तं आत बिमारी आहे असं समजाचं."

मी अंगठा आणि दोन बोटांनी चकती उजवीकडे फिरवली. आतून टक् असा आवाज आला. पदवीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. मग उजव्या चाकाच्या चकतीवरचा शेंदूर ड्रायव्हरनंच, मनात क्षमा मागत असावा अशा चेहऱ्यानं, रॉकेलनं खरवडून काढला. मिस्त्री म्हणाले, सोल्युशन वाळू द्या, गाडी उद्या न्या.

शुक्रवारी सकाळी मी साहेबांकडे गेले आणि हब मी तोडला असं सांगितलं. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी आधी ड्रायव्हरच्या कागदावर सही केली, मग एक कोरा कागद पुढे ओढला आणि माझी ऑर्डर लिहिली. पुढील आदेशापर्यंत कार्यालयीन काम, फील्डवर जाणे बंद. "मला वाटलंच होतं," असं म्हणून त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

मी तडक गॅरेजात गेले. ड्रायव्हर ट्रक न्यायला तिथे आलाच होता. मी मिस्त्रींवर चिडले होते आणि ते लपवलंही नाही. म्हटलं, तुमच्यामुळे खरं बोलले आणि फील्ड गेलं.

मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी तुमाले खरं बोला म्हनलं काय? मी हब जोडा म्हनलं. खरं तुमच्या मनानं बोलल्या तुमी." मग "बरं केलं," असंही म्हणाले. तेवढ्यानं माझे डोळे भरून आले, पण राग गेला नाही.

ड्रायव्हरनं ट्रक सुरू केला तर मिस्त्री तिपाई उचलून ट्रकच्या पुढ्यात नेऊन बसले.

"ट्रायल बाकी आहे. पहिल्या फेरीले जोडनारा गाडीत बसते."

"बाईले बंदी आहे, मिस्त्री."

"तं गाडीलेही बंदी आहे."

ड्रायव्हरनं वखारीतून ऑफिसला फोन केला. अर्ध्या तासात साहेब स्वतः आले.

"काय प्रकार आहे हा? मशीन सोमवारी हलणार आहे. पाइप आज निघाले पाहिजेत."

"निघू द्या ना. आमची रीत आहे सायेब. चाक निखळलं तं जोडनाराही संगंच पडला पाहिजे. तवा तो बराबर जोडते."

"या बाईंना मी टेबलावर बसवलंय."

"तं मंग गाडीही टेबलावर बसवा."

साहेब लाल झाले. "दुसरं कोणीही बसेल. मी बसतो."

"बसा की. तुमी तं मालक." मिस्त्री उठले आणि पोतं झटकून चाकाजवळ नीट अंथरलं. "पन मंग हब पुना खोला लागन, अन् तुमाले जोडा लागन. सर्क्लिप जरा उडते. शर्ट काढून ठेवा, चांगला आहे."

साहेबांनी पोत्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, सगळ्यात शेवटी माझ्याकडे पाहिलं. ड्रायव्हर खोटं खोटं खोकत होता. "एक फेरी," साहेब म्हणाले. "फक्त ट्रायल."

पाणंदीतल्या त्याच चिखलाशी ड्रायव्हरनं ट्रक थांबवला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसला. उतरायचं कोणी, हे मला कळलं. घोट्यापर्यंत चिखलात उभी राहून मी डावी चकती फिरवली, टक्. वळसा घालून उजवी फिरवली, टक्. मग बाजूला झाले. ट्रक एकदा थरथरला, पुढच्या चाकांनी माती पकडली, आणि पाइपांचा खणखणाट करत तो पलीकडे निघून गेला. मी मागून साडी सावरत, मोठमोठ्यानं हसत पळत होते. पाइप उतरले. रविवारी दुपारी त्या बोअरला पाणी लागलं, मी खूण केलेल्या जागी.

सोमवारी ट्रक गॅरेजात नेला तेव्हा पाहिलं तर साहेब आधीच येऊन उभे होते. मिस्त्रींनी हबला उलटा हात लावून पाहिलं. मी त्यांना गाडीला हात लावताना पाहिलं ते तेवढंच.

"गरम नाही. बराबर बसलं."

"म्हणजे झाली ट्रायल?" साहेबांनी विचारलं.

"सुरू आहे."

"किती दिवस चालते?"

"गाडी चालते तवर."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते ऑफिसला निघून गेले. पण पुढच्या आठवड्यात ट्रक निघाला तेव्हा गाडीच्या वहीत माझ्या नावापुढे त्यांच्याच अक्षरात 'ट्रायल' असं लिहिलेलं होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. ती ऑर्डर त्यांनी कधी रद्द केली नाही, तसा त्यांचा स्वभाव नव्हता. कागदावर मी टेबलावर बसलेली राहिले आणि दर सोमवारी फील्डवर जात राहिले. साहेब निवृत्त झाले, ड्रायव्हरची मुलगी शाळेत मास्तरीण झाली, ट्रक म्हातारा झाला, आणि एका उन्हाळ्यात मिस्त्री गेले. मला ते चार दिवसांनी कळलं. गॅरेजला कुलूप होतं. मी कडुनिंबाखाली उभी राहून रडले, वखारवाला पाणी घेऊन आला.

दुसऱ्या वर्षी ट्रक लिलावात गेला आणि त्याच्या जागी नवा आला. लिलावाच्या फायली चाळताना नव्या साहेबांना माझी जुनी ऑर्डर सापडली. त्यांनी मला बोलावलं. "कागदोपत्री तुम्हाला फील्डवर जायला बंदी आहे. मग इतकी वर्षं कशा जाताय?"

मी सगळं सांगितलं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की गाडी चालते तोवर ट्रायल, आणि गाडी तर आता गेली.  म्हटलं, "म्हणजे सर, हिशेबानं ट्रायल संपली."

नव्या साहेबांनी तो कागद उलटून पाहिला. मग त्यांनी विचारलं, "नव्या ट्रकचे हब कोणी तपासले?"

"मीच. दोन्ही खोलून, धुऊन पुन्हा बसवलेत. काल."

"मग गाडीत जाऊन बसा," साहेब म्हणाले, आणि कागद होता तसाच फायलीत परत लावून टाकला.